विश्लेषण : स्वादुपिंडाच्या कर्करोगावरची दोन औषधं झाडांतून कशी आली? कोण होते मन्रो वॉल?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षातून दोन-तीनदा एक मेसेज हमखास फिरून येतो. लक्ष्मणफळाची पानं उकळून प्या, कॅन्सर मुळापासून जातो, डॉक्टर हे मुद्दाम सांगत नाहीत, असा त्याचा सूर. एरवी कुणी लक्ष देत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका काकांना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि त्याच आठवड्यात हा मेसेज पुन्हा आला. या वेळी काकूंनी तो जपून ठेवला. झाडापासून कॅन्सरचं औषध होतं हे खरं आहे का, हे नेटवर बघून सांग, असं त्यांनी मला विचारलं. मी शिकलो इंजिनिअरिंग, पण घरातल्या लोकांच्या मते इंटरनेटवरचं सगळं मला कळतं.

उत्तर होय असंच आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर आज प्रामुख्याने दोन प्रकारच्या केमोथेरपी दिल्या जातात आणि त्या दोन्हींमध्ये एकेक औषध मुळात झाडातून आलेलं आहे. एकीत इरिनोटेकान, दुसरीत पॅक्लिटॅक्सेल. झाडं दोन वेगळ्या खंडांतली. मात्र दोन्हींचे मूळ रेणू एकाच प्रयोगशाळेत, त्याच दोन रसायनशास्त्रज्ञांच्या हातून वेगळे झाले. त्यातले एक मन्रो वॉल आणि दुसरे आपल्या नंदुरबारमध्ये जन्मलेले मनसुख वाणी.

काकूंच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर मात्र 'होय'वर संपत नाही. ते समजण्यासाठी वॉल यांचं आयुष्य बघावं लागतं, कारण त्यातला बराच काळ हे रेणू अपयशी ठरलेले होते.

टाकाऊ पानांपासून सुरुवात

मन्रो एलियट वॉल यांचा जन्म २५ जुलै १९१६ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या न्यूआर्कमध्ये झाला. शिक्षण रटगर्स विद्यापीठात. १९३९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी कृषी जीवरसायनशास्त्रात पीएचडी मिळवली. कॅन्सरशी त्यांचा तेव्हा काडीचाही संबंध नव्हता.

१९४१ मध्ये ते अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. शेतमालाचे नवे उपयोग शोधणं हे या प्रयोगशाळेचं काम. भाज्यांची जी पानं शेतात टाकून दिली जातात, त्यांतून उपयोगी घटक काढता येतील का, अशा प्रश्नांवर त्यांनी सुरुवातीची वर्षं घालवली. वनस्पतीतून हवा तो पदार्थ अलगद बाहेर कसा काढायचा, याचा हात त्यांना इथे बसला.

१९५० च्या दशकात कॉर्टिझोनचा बोलबाला सुरू झाला. संधिवाताने जखडलेले रुग्ण या औषधाने चालू लागत होते आणि १९५० चं वैद्यकाचं नोबेलही त्याच संशोधनाला मिळालं. अडचण अशी की ते बनवण्यासाठी जनावरांच्या पित्तापासून सुरुवात करून लांबलचक रासायनिक प्रक्रिया करावी लागे. कॉर्टिझोनचा कच्चा माल एखाद्या वनस्पतीत मिळाला तर औषध स्वस्त होईल, या आशेने कृषी खात्याने जगभरातून वनस्पती गोळा करायला घेतल्या. त्यांची तपासणी वॉल यांच्याकडे होती. हजारो वनस्पती त्यांच्या टेबलावरून गेल्या आणि त्यांचे अर्क बाटल्यांमध्ये साठत राहिले.

हजार बाटल्यांतली एक

१९५७ मध्ये या प्रयोगशाळेत एक पाहुणे आले. जोनाथन हार्टवेल. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत होते आणि वनस्पतींमधून कॅन्सरविरोधी पदार्थ शोधण्याची त्यांना धुन होती. वॉल यांच्याकडे तयार अर्क पडून आहेत हे कळल्यावर त्यातले काही कॅन्सरवर तपासून बघू का, असं त्यांनी विचारलं. वॉल यांनी एक हजार वनस्पतींचे अर्क देऊ केले.

साधारण वर्षभराने निकाल आला. उंदरांमधल्या गाठींवर एका झाडाचा अर्क उठून दिसेल असा परिणाम करत होता. झाडाचं शास्त्रीय नाव कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा. हे मूळचं चीनचं. तिथे त्याला आनंदाचं झाड म्हणतात. वॉल यांच्याकडे त्याचा नमुना कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी रोपकेंद्रातून आला होता, तोही स्टेरॉइड शोधण्यासाठी.

वॉल यांना आता याच कामात पडायचं होतं. कृषी खात्यात मात्र कॅन्सरच्या संशोधनाला जागा नव्हती. १९६० मध्ये, चव्वेचाळिशीत, जवळपास दोन दशकांची सरकारी नोकरी सोडून ते नॉर्थ कॅरोलिनात गेले. तिथे रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट ही संस्था नुकतीच उभी राहत होती आणि वॉल यांना तिच्यात नैसर्गिक पदार्थांची प्रयोगशाळा शून्यातून उभारायची होती.

१९६२ मध्ये मनसुख वाणी त्यांना येऊन मिळाले. वाणींचा जन्म १९२५ चा, नंदुरबारचा, म्हणजे तेव्हाच्या पश्चिम खानदेशातला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले होते आणि इंडियाना विद्यापीठातून त्यांनी पीएचडी केली होती. ही जोडी पुढे चार दशकं टिकली.

अर्कातून रेणू कसा शोधतात?

झाडाच्या अर्कात शेकडो पदार्थ एकत्र असतात. त्यातला नेमका कोणता कॅन्सरवर चालतो हे बघून कळत नाही. त्यामुळे अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग उंदरांवर किंवा पेशींवर तपासायचा, ज्यात जोर दिसेल तो ठेवायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे. कोडमधला बग शोधताना आम्ही अर्धा कोड बंद करून बघतो, मग उरलेल्याचा अर्धा. तसंच हे. फरक इतकाच की आमचं उत्तर दोन सेकंदांत येतं आणि वॉल यांना प्रत्येक पायरीला उंदरांच्या निकालाची वाट बघावी लागे.

१९६६ मध्ये त्यांनी तो रेणू जाहीर केला : कॅम्प्टोथेसिन.

याच सुमारास दुसरं झाडही त्यांच्या हाती आलं होतं. ऑगस्ट १९६२ मध्ये कृषी खात्याचे वनस्पतीशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंचॉट जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली होती. लाकूडतोडीच्या दृष्टीने हे किरकोळ झाड. पण तिचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मारत होता. पेशींसाठी इतके विषारी अर्क हाताळायला फारसं कुणी उत्सुक नव्हतं. वॉल यांनी मात्र असे नमुने आपल्याकडे पाठवा म्हणून हार्टवेल यांना विनंती केली होती. चिनी झाडाचा अर्कही पेशींवर असाच जोरदार चालला होता, हे त्यांनी हेरलं होतं.

१२ किलो सालीतून शेवटी मिळालं अर्धा ग्रॅम. घरच्या गॅस सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा थोडी कमी साल, आणि त्यातून चिमूटभर मिठाइतकी पांढरी पूड. टक्केवारी काढली तर ०.००४. या पदार्थाला वॉल यांनी १९६७ मध्ये टॅक्सॉल हे नाव दिलं आणि त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. हीच पूड आज पॅक्लिटॅक्सेल या नावाने ओळखली जाते.

आणि मग औषध फसलं

व्हॉट्सअ‍ॅपच्या गोष्टी जिथे संपतात, तिथून वॉल यांच्या गोष्टीचा अवघड भाग सुरू होतो.

कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ते शिरेतून देता येईना. म्हणून राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्याचं सोडियमयुक्त क्षाराचं रूप तयार केलं. ते विरघळत होतं. १९७० च्या आसपास ते माणसांना देण्यात आलं. पोटाच्या आणि आतड्याच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत सुरुवातीला गाठी लहान झाल्या, त्यामुळे अपेक्षा वाढल्या. पुढच्या, मोठ्या चाचणीत मात्र फायदा झालेले रुग्ण अगदी मोजके निघाले. त्रास सगळ्यांच्या वाट्याला आला. उलट्या, जुलाब, रक्तपेशींची घसरण आणि मूत्राशयातून रक्तस्राव. १९७२ मध्ये चाचण्या थांबवण्यात आल्या.

असं का झालं? मूळ रेणूत अणूंचं एक कडं असतं, लॅक्टोन नावाचं. रेणूची कॅन्सरविरोधी ताकद या कड्यावर अवलंबून असते. क्षार बनवताना तेच उघडलं जात होतं. म्हणजे रुग्णाच्या शरीरात जाणारा पदार्थ बराचसा निष्प्रभ होता. मूत्राशयात लघवी आम्लधर्मी असली की कडं पुन्हा बंद होई आणि औषध जागं होई, पण गाठीपाशी नाही, मूत्राशयाच्या अस्तरात. म्हणून तिथे जखमा. कड्याचं महत्त्व वॉल आणि वाणी यांच्याच प्रयोगांतून स्पष्ट होत गेलं.

थोडक्यात, झाडात सापडलेला अस्सल, नैसर्गिक रेणू, जगातल्या मोठ्या संस्थेने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून दिला. तरीही तो फसला.

टॅक्सॉलचंही फार बरं चाललं नव्हतं. तेही पाण्यात विरघळत नव्हतं, साल काढली की झाड मरत होतं आणि यू हे अतिशय सावकाश वाढणारं झाड. कित्येक वर्षं ते कपाटातच राहिलं.

दोन्ही रेणूंना दुसरं आयुष्य

कलाटणी मिळाली ती हे रेणू पेशीत नेमकं काय करतात, हे समजल्यावर.

१९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ यांनी टॅक्सॉलची करामत दाखवून दिली. पेशीचे दोन भाग होताना आत सूक्ष्म नळ्यांची एक परांची उभी राहते आणि काम झालं की ती सोडली जाते. टॅक्सॉल ही परांची सोडूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. असं काम करणारा पदार्थ तोवर कुणी पाहिलेला नव्हता.

१९८५ मध्ये लेरॉय लिऊ यांच्या गटाने कॅम्प्टोथेसिनचं कोडं सोडवलं. आपल्या पेशीतला डीएनए इअरफोनच्या वायरसारखा पीळ खातो. पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ नावाचं प्रथिन त्याची एक दोरी क्षणभर कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी पाचर मारतं. दोरी जोडली जात नाही आणि भराभर वाढणारी पेशी कोसळते.

लक्ष्य कळल्यावर रेणूत बदल करणं सोपं झालं. कडं शाबूत ठेवून विरघळणारी रूपं शोधण्याची शर्यत लागली आणि वॉल-वाणी स्वतःही त्यात होते. जपानमध्ये याकुल्त कंपनीने, हो, तीच, छोट्या बाटलीतलं प्रोबायोटिक पेय विकणारी, इरिनोटेकान तयार केलं. त्याला जपानमध्ये १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली, ती आतड्याच्या व इतर कर्करोगांसाठी. त्याआधी डिसेंबर १९९२ मध्ये टॅक्सॉल बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं होतं. साल ओरबाडण्याचा प्रश्नही सुटला, कारण युरोपातल्या यू झाडाच्या पानांतून अर्धवट तयार रेणू काढून उरलेलं काम प्रयोगशाळेत करता येऊ लागलं. पानं तोडली तर झाड मरत नाही.

स्वादुपिंडापर्यंत ही औषधं कधी पोहोचली?

फार उशिरा. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असतं. तिथली गाठ बराच काळ काहीच जाणवू देत नाही. कावीळ, पाठीत जाणारी पोटदुखी किंवा घटलेलं वजन दिसेपर्यंत ती अनेकदा पसरलेली असते. शिवाय गाठीभोवती तंतूंचं दाट वेष्टन असतं, त्यामुळे औषध आत शिरणंच कठीण. अमेरिकेतही निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण १३ टक्के आहे.

२०११ मध्ये फ्रान्समधल्या ३४२ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. इरिनोटेकानसह चार औषधांचं फॉल्फिरिनॉक्स हे मिश्रण घेणाऱ्या, आजार पसरलेल्या रुग्णांपैकी निम्मे ११.१ महिन्यांहून अधिक जगले. जुन्या जेमसिटाबिनवर हा आकडा ६.८ महिने होता. २०१३ मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाच्या कणांत बसवलेलं पॅक्लिटॅक्सेल जेमसिटाबिनसोबत दिल्यावर ८.५ महिने, नुसत्या जेमसिटाबिनवर ६.७. ही चाचणी ८६१ रुग्णांवर झाली. जुन्या पॅक्लिटॅक्सेलला विरघळवण्यासाठी एरंडेलापासून बनवलेलं द्रावण लागे आणि त्याची जोरदार अ‍ॅलर्जी येई. अल्ब्युमिनमुळे ते टळलं. २०१५ मध्ये चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यांत भरलेलं इरिनोटेकानही मंजूर झालं.

आकडे वाचून निराश व्हायला होतं, मलाही झालं. दीड-दोन महिने, चार महिने. पण २०१८ चा निष्कर्ष वेगळा आहे. ज्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढता आली, त्यांना नंतर सुधारित फॉल्फिरिनॉक्स दिल्यावर निम्मे रुग्ण ५४.४ महिन्यांहून अधिक जगले. जेमसिटाबिनवर ३५ महिने. म्हणजे दीड वर्षाहून जास्त फरक. वेळेत निदान आणि वेळेत उपचार, यावर तो उभा आहे. काढ्याच्या प्रयोगात गेलेले दोन महिने इथे महाग पडतात.

मग सरळ पानंच का खाऊ नयेत?

पहिलं कारण मात्रा. कोणत्या झाडात, कोणत्या ऋतूत, किती रेणू आहे हे पान सांगत नाही. इरिनोटेकान शरीरातून बाहेर टाकणारं एक विकर काही लोकांत जन्मतःच मंद असतं. त्यांना नेहमीचा डोसही जड जातो, म्हणून डॉक्टर तो कमी करतात. काढ्याच्या पेल्यात हा हिशेब कोण करणार?

दुसरं, एका वनस्पतीने दुसरीचं औषध निकामी होऊ शकतं. सेंट जॉन्स वॉर्ट ही युरोपात नैराश्यावर घेतली जाणारी वनस्पती इरिनोटेकानसोबत घेतल्यावर रक्तातलं औषधाचं सक्रिय रूप ४२ टक्क्यांनी घटल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं. लक्ष्मणफळाच्या बाबतीत तर त्यातला अ‍ॅनोनासिन हा पदार्थ मेंदूच्या पेशींना मारक ठरतो आणि कॅरिबियन बेटांवर पार्किन्सनसारख्या आजाराशी त्याचा संबंध जोडला गेला आहे.

हळदीचं काय? करक्युमिनची चाचणी खरोखर स्वादुपिंडाच्या रुग्णांवर झाली आहे. २००८ मध्ये अमेरिकेत २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम करक्युमिन देण्यात आलं. एक-दोघांत परिणाम दिसला, त्यातला एक थोड्याच काळापुरता. बहुतेकांच्या रक्तात ते जेमतेम पोहोचलं. करक्युमिन आज तिथेच आहे, जिथे कॅम्प्टोथेसिन १९७२ मध्ये होतं. म्हणजे ते खोटं आहे असं नाही. ते अजून औषध झालेलं नाही.

काकूंना मी एवढंच सांगितलं, की पानं द्यायचीच असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, लपवून देऊ नका. त्यांनी दाखवली. डॉक्टरांनी थांबवायला सांगितलं आणि केमो सुरू राहिली.

सह्याद्रीतला नरक्या

या गोष्टीला आणखी एक महाराष्ट्रातला धागा आहे. अमेरिकेत चाचण्या थांबल्या त्याच १९७२ मध्ये मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी पश्चिम घाटातल्या एका झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं, आणि तेही चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. हे झाड म्हणजे नरक्या. फुलांच्या दुर्गंधीमुळे हे नाव पडलं. कोल्हापूर, सिंधुदुर्गच्या जंगलातून नरक्याचं लाकूड चोरून नेणारी टोळी पकडली, अशा बातम्या आमच्या डेस्कवर अधूनमधून येतात. कंपन्यांना कच्चा माल हवा असतो, म्हणून ही तोड. काढ्यासाठी कुणी ते नेत नाही. नरक्याचं लाकूड उकळून प्यायलं तर जे शरीरात जाईल, ते साधारण त्या फसलेल्या चाचणीतल्या विषाच्या कुळातलंच असेल, तेही न मोजलेलं.

वॉल यांची शेवटची वर्षं

ऐंशी ओलांडल्यावरही वॉल संशोधनात होते. २००० मध्ये त्यांना आणि वाणींना कर्करोग संशोधनासाठीचा चार्ल्स केटरिंग पुरस्कार मिळाला. ६ जुलै २००२ रोजी वॉल यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांच्या प्रयोगशाळेतल्या या दोन शोधांना राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

आपल्या रेणूंचा स्वादुपिंडाच्या रुग्णांना झालेला उपयोग त्यांना बघता आला नाही. फॉल्फिरिनॉक्सचा निकाल त्यांच्यानंतर नऊ वर्षांनी आला, पॅक्लिटॅक्सेलचा अकरा वर्षांनी. मनसुख वाणी मात्र तेव्हा हयात होते. त्यांचं निधन ११ एप्रिल २०२० रोजी नॉर्थ कॅरोलिनातच झालं, वयाच्या ९५ व्या वर्षी.